पोरगं दडपणाखाली आहे की खेळाला विटलंय?

गोल्फच्या ज्युनिअर स्पर्धेच्या दिवशी क्लबहाउसच्या पायऱ्यांवर दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. पहिले नऊ होल ५२ फटक्यांत खेळून आलेल्या (इथे फटके जितके कमी तितकं चांगलं) मुलाचे बाबा म्हणतात, "बर्नआउट झालाय याला. महिनाभर क्लब, म्हणजे गोल्फची काठी, हातात देत नाही आता." आणि तीन महिने रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, यंत्रासारखे बॉल मारणाऱ्या, ना हसणाऱ्या ना रडणाऱ्या मुलीची आई विचारते, "सर, ही फार प्रेशर घेते. मेंटल टफनेसचं एखादं वर्कशॉप आहे का?" दोघांचंही निदान नेमकं उलटं आहे: मुलगा दडपणाखाली आहे, आणि बर्नआउट, म्हणजे खेळाचाच वीट, आलाय तो मुलीला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. मी ज्युनिअर मुलांना शॉर्ट गेम, म्हणजे होलजवळचे छोटे फटके, शिकवतो आणि दर सीझनला हाच घोळ निस्तरतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

दडपण काय असतं, हे मुंबईकराला समजावून सांगायला नको. ज्याने दहावीच्या गणिताचा पेपर दिलाय किंवा आझाद मैदानावर नऊ विकेट पडल्यावर बॅट हातात घेतली आहे, त्याला ते पाठ आहे. गोल्फचं वेगळेपण एवढंच की क्रिकेटमध्ये आउट झालात की तंबूत तोंड लपवता येतं. इथे सातव्या होलला नऊ फटके मारले तरी अठरापैकी उरलेले अकरा होल चालावेच लागतात, तेही ज्यांनी ते नऊ मोजले त्यांच्याबरोबर. शिवाय चार-साडेचार तासांच्या राउंडमध्ये प्रत्यक्ष बॉल मारण्याचा वेळ काही मिनिटांचा. बाकी सगळा वेळ डोकं रिकामं, आणि रिकाम्या डोक्याचं काय होतं ते सांगायला नको.

हात का आखडतात याचं उत्तरही मिळालेलं आहे. सायन बायलॉक आणि थॉमस कार या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये पटिंगवरच (बॉल जमिनीवरून हलकेच होलमध्ये घालणं, त्या फटक्याला पट म्हणतात) प्रयोग करून मांडलं, की अंगवळणी पडलेली गोष्ट दडपणाखाली माणूस पुन्हा पायरीपायरीने करायला जातो आणि तिथेच ती बिघडते. एरवी डोळे मिटून तीन फुटांची पट घालणारा मुलगा अचानक स्वतःच्या मनगटाकडे बघायला लागतो. उत्तर आयर्लंडचा गोल्फर रोरी मॅकलरॉय एप्रिल २०११ च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत चार शॉटची आघाडी घेऊन शेवटच्या दिवशी उतरला आणि ८० मारून १५व्या क्रमांकावर घसरला. दोन महिन्यांनी त्याच मुलाने यूएस ओपन आठ शॉटच्या फरकाने जिंकली. आपल्याकडच्या बाबांनी एप्रिलमध्येच त्याची बॅग माळ्यावर टाकली असती.

आणखी काही गोष्टी उगाच बर्नआउटच्या खात्यात जमा होतात, त्या पटकन उरकतो. ठाण्याहून पहाटे पाचला निघून चेंबूरला सराव करायचा आणि मग शाळा गाठायची, हा थकवा आहे. दोन रात्री नीट झोप मिळाली की जातो. खांदा किंवा कंबर सतत दुखत असेल तर मानसशास्त्र बाजूला ठेवा, हाडांच्या डॉक्टरांकडे जा. छोट्या पटला हात आपोआप झटका मारत असेल तर ते यिप्स. जर्मनीचा नामवंत गोल्फर बर्नहार्ड लँगरला ते पुन्हा पुन्हा झाले आणि तरी त्याने दोनदा मास्टर्स जिंकली. आणि वर्षभरात मुलगा चार इंच उंच झाला असेल, क्लब मात्र गेल्या दिवाळीतलेच असतील, तर बॉल सरळ जाणार कसा? त्याला काहीही झालेलं नाही. क्लब बदला.

आता मुख्य मुद्दा.

खेळाडूंमधला बर्नआउट मोजायला जी प्रश्नावली जगभर वापरतात, ती थॉमस रेडीक आणि ॲलन स्मिथ यांनी २००१ मध्ये मांडली. तिच्यात तीन गोष्टी तपासतात. शरीर-मन पार थकून जाणं. आपल्याला काही जमतच नाही असं वाटणं. आणि ज्या खेळासाठी हे सगळं चाललंय त्या खेळाचीच किंमत मनातून उतरणं. पहिल्या दोन गोष्टी दडपणाखालच्या मुलातही सापडतात, तोही थकलेला असतो, त्यालाही आपण कुचकामी वाटतो. गफलत होते ती इथेच, कारण पालक या दोनच गोष्टी बघतात. तिसरी बघत नाहीत. दडपणाखालच्या मुलाच्या मनात खेळाची किंमत उतरलेली नसते. उलट ती इतकी वर चढलेली असते की तिच्या भाराने हात थरथरतात. विटलेल्या मुलाचे हात थरथरत नाहीत. थरथरण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

म्हणून स्कोअरकार्डावरून निदान करू नका. दडपणाखालचा मुलगा सहा-सहा महिने भिकार स्कोअर आणू शकतो आणि तरी त्याला हा खेळ हवा असतो. विटलेला मुलगा नुसत्या सवयीच्या जोरावर चांगला स्कोअर आणू शकतो, आणि तो चांगला स्कोअर बघून घरचे पुढच्या तीन स्पर्धांचे फॉर्म भरून मोकळे होतात.

मी पालकांना एकच सांगतो: मूल हरल्यावर त्याच्याकडे बघू नका, जिंकल्यावर बघा. हरल्यावर सगळीच मुलं सारखी दिसतात. गप्प, लाल डोळे, गाडीत खिडकीकडे तोंड. त्यातून काही कळत नाही. दडपणाखालचं मूल चांगलं खेळलं की कसं दिसतं? सुटल्यासारखं. चौदाव्या होलची पट कशी वळली हे ते बॅग उचलणाऱ्या कॅडीला सांगतं, मग सरांना सांगतं, मग वडापाववाल्यालाही सांगतं.

आणि दुसरं मूल? तेरा वर्षांची एक मुलगी माझ्यासमोर तिच्या आयुष्यातला सर्वांत चांगला राउंड खेळून आली. कार्डावर सही केली, कार्ड टेबलावर पालथं ठेवलं आणि आईला म्हणाली, "झालं ना? आता घरी जायचं?" आई फोनवर मावशीला स्कोअर सांगत होती. मुलगी बुटांच्या तळाला चिकटलेलं गवत टीने (बॉल ठेवायच्या छोट्या खुंटीने) खरवडत बसली. चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं, काहीच नव्हतं. ट्रॉफीसोबतच्या फोटोत ती हसली, कारण फोटोवाल्याने सांगितलं. बर्नआउट असा दिसतो. बक्षीस समारंभात तो कुणी शोधत नाही, म्हणून सापडत नाही.

तिच्या बाबतीत सगळ्यात आधी ओळखलं ते कॅडीने. मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, ताईंचा ग्लोव्ह बघा." मुंबईच्या दमट हवेत घामाने भिजलेला ग्लोव्ह पसरून वाळवला नाही तर पापडासारखा कडक होतो. खेळात जीव असलेलं मूल, कितीही घाबरट असो, ग्लोव्ह बॅगेवर पसरून ठेवतं, बोटं ओढून सरळ करतं. हिचा ग्लोव्ह बॅगेच्या तळाशी बोळा होऊन पडलेला, बुरशीचा वास मारत. खेळताना तोच कडक ग्लोव्ह हातावर चढवायची, तक्रारसुद्धा न करता. कॅडींना हे दिसतं, कारण ते कार्ड बघत नाहीत, पोर बघतात. तुमच्या मुलाच्या कॅडीला कधी विचारलंय का?

आणखी एक खूण म्हणजे पावसाने स्पर्धा रद्द होणं. सुटकेचा निःश्वास दोन्ही मुलं टाकतात, त्यामुळे तेवढ्यावर जाऊ नका. संध्याकाळपर्यंत थांबा. दडपणाखालचं मूल संध्याकाळी गच्चीवर किंवा हॉलमधल्या गालिच्यावर पट मारत असतं आणि नवी तारीख विचारतं. विटलेलं मूल तारीख विचारत नाही. शनिवारच्या मैत्रीच्या राउंडचंही तसंच. तिथे पणाला काही नसतं, म्हणून घाबरणारं मूल तिथे खुलतं. विटलेलं मूल स्पर्धेत जसं, तसंच तिथे.

आता ऑस्ट्रेलियाच्या ॲश्ली बार्टीचं बघा. खेळ टेनिस, पण उदाहरण याहून चांगलं नाही. १५व्या वर्षी ज्युनिअर विम्बल्डन जिंकलं, २०१३ मध्ये दुहेरीत तीन ग्रँडस्लॅमच्या अंतिम फेऱ्या गाठल्या, आणि २०१४ मध्ये १८व्या वर्षी रॅकेट ठेवून दिली. फार लवकर फार काही झालं, असं तिने नंतर सांगितलं. निकालात खोट नव्हती. दडपणाला घाबरली म्हणावं तर ती बिग बॅशमध्ये ब्रिस्बेन हीटकडून क्रिकेट खेळायला गेली, तेही टीव्हीवर. २०१६ मध्ये परतली, पुढे फ्रेंच, विम्बल्डन, ऑस्ट्रेलियन तिन्ही जिंकली. २०२० मध्ये एका क्लबची महिला गोल्फ अजिंक्यपदाची स्पर्धाही खिशात घातली.

हा वीट येतो कशाने? फार सराव केल्याने, असं सगळे धरून चालतात. तेवढं सरळ नाही. रेडीक यांनी १९९७ मध्ये किशोरवयीन जलतरणपटूंचा अभ्यास केला. ज्यांना आता पोहायची ओढ उरली नव्हती, पण इतकी वर्षं घातली, लोक काय म्हणतील, म्हणून जे पोहत राहिले होते, त्यांच्यात बर्नआउट जास्त सापडला. म्हणजे मुद्दा तासांपेक्षा अडकल्याचा आहे. गोल्फमध्ये अडकणं फार सोपं. बॉलची प्रत्येक बकेट, प्रत्येक ग्रीन फी, बेंगळुरू-दिल्लीची विमानाची तिकिटं, आणि या सगळ्याच्या शेवटी अमेरिकेतल्या कॉलेजची स्कॉलरशिप. हा हिशेब बारा वर्षांच्या पोराला तोंडपाठ असतो, कारण जेवणाच्या टेबलावर रोज होतो. "आम्ही काल ७६ मारले" म्हणणाऱ्या बाबांना मी एकदा विचारलं होतं, त्यातले तुमचे किती? त्यांना विनोद कळला नाही.

निदान चुकलं की उपाय उलटा पडतो, म्हणून ही सगळी चीडचीड. घाबरणाऱ्या मुलाला स्पर्धांपासून दूर ठेवलं की भीती घट्ट होते. टाळल्याने सुटका होते, हे त्याला पटतं. त्याला स्पर्धा जास्त हव्यात, पण लहान. पाच मित्रांची, नऊ होलची, हरणाऱ्याने सरबत पाजायचं अशी. प्रत्येक शॉटआधी तोच श्वास, तेच दोन सराव-स्विंग. बाबा दोन फेअरवे, म्हणजे खेळायचे दोन अख्खे गवती पट्टे, दूर. याउलट विटलेल्या मुलीला "आणखी स्पर्धा खेळ, सवय होईल" म्हणणं म्हणजे जे नकोय तेच ताटात दुप्पट वाढणं. मेंटल टफनेसची वर्कशॉपं तर मला मुळातच पसंत नाहीत. शाळा, क्लास, रेंज आणि वर रविवारी तीन तास एसी हॉलमध्ये व्हिज्युअलायझेशन. मुलांना त्या वेळात पत्ते खेळू द्या.

दोन्ही एकदम असेल तर? असतं कधीकधी. मग आधी वीट, नंतर भीती. ज्या खेळात मनच नाही त्यातली भीती घालवून करायचं काय?

ब्रेक किती, हा पुढचा प्रश्न. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स सांगते, आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी आणि वर्षातून एकूण तीन महिने त्या खेळापासून दूर, हवं तर एकेका महिन्याच्या तुकड्यांत. मुंबईत हे तीन महिने पाऊस फुकट देतो. जुलैत फेअरवेवर तळी साचतात, बॉल पडला तिथेच रुततो. पूर्वी पोरं त्या काळात फुटबॉल खेळायची, चिखलात लोळायची. आता पडद्यासमोर बॉल मारायचे बंदिस्त सिम्युलेटर आले आणि आपण ती सुट्टीही भरून टाकली. पावसाळ्यात स्विंग स्पीड वाढवायचा, म्हणे. माझ्या हातात असतं तर सोळा वर्षांखालच्यांना जुलै-ऑगस्टमध्ये सिम्युलेटरचं दारच बंद केलं असतं.

पण ही सुट्टी वीट येऊ नये म्हणून. आधीच आलेला असेल तर नुसत्या सुट्टीने भागत नाही. सुट्टीनंतर तेच कॅलेंडर वाट बघत असेल तर मूल सुट्टीतही तेच बघत बसतं. परत येण्याची तारीख ठरवलेली असेल तर त्याला ब्रेक म्हणू नका. कॅलेंडर मुलाच्या हातात द्या. पुढच्या स्पर्धेचा फॉर्म त्याने मागितला तर भरा, नाही मागितला तर आठवण करू नका, गाडीत सहज म्हणूनही नाही. आणि गोल्फच नाही, मित्र, जेवण, झोप, आवडता मोबाइल गेम, सगळ्यातूनच मन उडालेलं दिसलं तर कोचला फोन करू नका. ते आमचं काम नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, किंवा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, तिथे मराठीतही बोलता येतं.

काही मुलं दोन-चार महिन्यांत स्वतःहून परततात. काही परतत नाहीत. स्केटिंगला जातात, तबला शिकतात, नुसती घरी बसतात. पालक तरी सेट जपून ठेवतात, दाराच्या मागे, येता-जाता मुलाला दिसेल असा. तो तिथून हलवा. ज्युनिअर सेटला मागणी चांगली असते, कुठल्याही रेंजवर विचारलंत तर घेणारं कुणीतरी भेटेलच.