दहा सेकंदांची सूट? असा नियमच नाही

लगीनसराईत धुळे-जळगावकडच्या कलाकारांच्या रील्सचा पूर येतो आणि जुना सल्ला पुन्हा फिरतो: दहा सेकंदांपर्यंत कुणाचंही गाणं चालतं. कुणी पंधरा म्हणतं, कुणी तीस. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांची अशी मोजपट्टीच नाही. टीका, परीक्षण, बातमी यांना सवलत आहे, तीही हेतू बघून. 'हक्क मूळ मालकाचे' ही ओळ टाकून तर काहीच साधत नाही.

आपल्याकडे खरा गुंता बहिणाबाईंच्या गाण्यांचा. त्या १९५१मध्ये गेल्या, कविता पुस्तकरूपाने १९५२मध्ये आल्या. मरणोत्तर छापलेल्या साहित्याचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं टिकतो, म्हणजे त्या पुस्तकातले शब्द २०१३पासून सर्वांचे. पण नंतर कुणी बांधलेली चाल संगीतकाराची, ध्वनिमुद्रण आणखी तिसऱ्याचं. म्हणून स्वतः पेटीवर वाजवलेल्या गाण्यावरही यूट्यूबवर दावा येऊ शकतो. तिथली यंत्रणा चालसुद्धा ओळखते. घाबरू नका, दावा म्हणजे स्ट्राइक, म्हणजे चॅनेलवरची शिक्षा, नव्हे. बहुतेकदा व्हिडिओ राहतो, जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात.

जात्यावरच्या पारंपरिक अहिराणी ओव्या मात्र बिनधास्त गा. फक्त दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगचा तुकडा उचलू नका, मग तो गावच्या बँडवाल्याचा का असेना.