कन्सोल आपल्याकडे महाग का?

‘अमेरिकेत गेमिंग कन्सोल स्वस्त, जळगावचा दुकानदार मात्र मधले पैसे खातो’ हा मेसेज धुळे-भुसावळच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षे फिरतोय. शंका येणं साहजिक आहे, आकडे खरंच वेगळे दिसतात. पण तिकडच्या जाहिरातीतल्या किमतीत बहुधा राज्याचा विक्रीकर नसतो. तो बिल करताना लागतो. आपल्या एमआरपीत सगळे कर आधीच धरलेले. शिवाय आयात मालावर आधी सीमाशुल्क, मग किंमत आणि शुल्क यांच्या बेरजेवर जीएसटी. म्हणजे करावरही कर! रुपया घसरला की आणखी भर.

पडताळायचं तर पक्कं बिल घ्या. त्यात जीएसटी वेगळा दिसतो. तो वजा करा, उरलेल्या रकमेचे डॉलर करून बघा. फरक उरतो, पण बराच आटतो. खोक्यावरच्या एमआरपीपेक्षा जास्त मागितले, तर मात्र दुकानदाराला जरूर विचारा.