मधली फट : मुंबईच्या रांगांतून दुचाकी कशी आली

दुचाकीस्वारांच्या बेशिस्तीची चर्चा मुंबईत निघाली की ‘लेन कटिंग’ हा शब्द येतोच, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. या एका शब्दाखाली आपण चार निरनिराळ्या गोष्टी भरतो. इंडिकेटर न देता लेन बदलणे, ही एक. दुसऱ्याच्या तोंडावर बाईक आडवी घालणे, म्हणजे बोलीत ‘कट मारणे’, ही दुसरी. थांबलेल्या गाड्यांच्या दोन रांगांमधून हळूहळू सिग्नलपर्यंत सरकणे, ही तिसरी. आणि पळत्या गाड्यांच्या मधून त्यांच्याहून जास्त वेगात निघून जाणे, ही चौथी. शब्दाला धार आली ती मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर. तिथे लेन कापणारे असतात ट्रक आणि मोटारी, दुचाकीला तर त्या रस्त्यावर परवानगीच नाही. तोच शब्द शहरात आला तो सायन सर्कलला पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय टेकत पुढे सरकणाऱ्या स्कूटरवाल्यालाही चिकटला. इंग्रजीत तिसऱ्या प्रकाराला ‘फिल्टरिंग’ आणि चौथ्याला ‘स्प्लिटिंग’ म्हणायची पद्धत आहे, जरी तिथेही दोन्हींची सरमिसळ होते. मराठीत या दोहोंसाठी रूढ शब्द नाहीत. बाईकवाले फक्त म्हणतात, ‘मधून काढली’.

कायदा काय म्हणतो, यावरचा वाद याच घोळातून येतो. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि त्याच वर्षी रस्त्यावर वाहन कसे चालवावे याचे विनियम आले. त्यांतले लेनविषयीचे कलम जेमतेम दोन वाक्यांचे. पट्टे आखलेले असतील तिथे चालकाने लेनच्या आत वाहन चालवावे आणि लेन बदलताना इशारा द्यावा. पिवळी रेघ असेल तर ओव्हरटेक करताना ती ओलांडू नये. २०१७ मध्ये हे विनियम जाऊन नवे आले, तरी लेनमध्ये राहा आणि बदलताना सांगा, हा गाभा कायम राहिला.

आता ‘लेनच्या आत’ म्हणजे कुठे? पांढऱ्या पट्ट्यावरून चालणारी बाईक कोणत्याच लेनमध्ये नाही, हे उघड आहे. पण पट्ट्यापासून अर्धा फूट आत, मोटारीच्या शेजारून, त्याच लेनमधून जाणारी बाईक लेनच्या आतच असते. तिने लेन बदललेली नाही, त्यामुळे इशारा देण्याचा प्रश्न उरत नाही. तिला दोष द्यायचा तर ओव्हरटेकिंगच्या नियमाकडे जावे लागते, आणि तिथे पुढचा प्रश्न उभा राहतो: जी गाडी हलतच नाही तिच्या बाजूने पुढे जाणे म्हणजे ओव्हरटेक करणे का? चौकातला हवालदार याचे उत्तर एक देतो, पावती फाडून घेणारा दुसरे. दोघांनाही नियमात आधार सापडतो, कारण नियम लिहिताना डोळ्यांसमोर एका लेनमध्ये एक वाहन हेच चित्र होते. १९८९ च्या त्याच विनियमांत डावीकडून पुढे जाण्याची मुभा कुठे आहे, ते पाहण्यासारखे आहे. पुढचा चालक उजवीकडे वळण्याचा इशारा देऊन रस्त्याच्या मधोमध आला असेल तर डावीकडून जावे, आणि ट्रामच्या कोणत्याही बाजूने जावे. मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली ती ३१ मार्च १९६४ च्या रात्री. पंचवीस वर्षांनी आलेल्या नियमाला ट्राम आठवली. रांगेतल्या मोटारीशेजारून निघालेली स्कूटर मात्र त्यात नाही.

त्याच सुमाराला रस्त्यांचे अभियंते दुसऱ्या वहीत दुसरेच लिहीत होते. रस्त्याची क्षमता मोजताना प्रत्येक वाहनाचे मोटारीत रूपांतर करतात. मोटार म्हणजे एक. शहरी रस्त्यांसाठी १९९० साली आलेल्या मार्गदर्शिकेत दुचाकीला अर्धा गुण आहे, आणि रस्त्यावर दुचाकींचा वाटा दहा टक्क्यांच्या वर गेला तर पाऊण. हे आकडे कुठून आले याचा विचार करावा. पूर्ण लेन धरून एकामागे एक चालणारी दुचाकी मोटारीच्या जवळपास जाईल एवढा रस्ता खाते. ती अर्धी किंवा पाऊण धरता येते, कारण ती मोटारीशेजारून, उरलेल्या जागेतून जाणार हे हिशेबात गृहीत आहे. म्हणजे पूल, चौक, सिग्नलची वेळ हे सारे ज्या गणितावर उभे आहे त्या गणिताला बाईक मधल्या फटीत हवी आहे, आणि नियमाला ती फटीत नको आहे. मुंबईत नोंदलेल्या वाहनांपैकी निम्म्याहून जास्त दुचाकी आहेत. त्या सगळ्यांनी उद्या सकाळी नियमाप्रमाणे एकेक लेन अडवून उभे राहायचे ठरवले, तर वांद्र्याच्या कलानगर चौकातली रांग कुठपर्यंत जाईल, हे त्या गणितात बसत नाही. दुचाकीस्वाराला बेशिस्त म्हणण्याआधी ही विसंगती कुणीतरी मान्य करायला हवी, असे मला मनापासून वाटते.

फटीचे माप मात्र दोन्ही वह्यांत नाही. लेन साधारण साडेतीन मीटरची असते. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची रुंदी १.४६ मीटर होती. शेजारशेजारच्या दोन लेनमध्ये एकेक पद्मिनी मधोमध उभी असली तर त्यांच्यात दोन मीटरची वाट राही. पण आपल्याकडे तीन लेनमध्ये चार रांगा लागतात. साडेदहा मीटरचे चार भाग केले की प्रत्येकाला २.६२ मीटर येतात, आणि तेव्हाही दोन पद्मिनींच्या मधे सुमारे १.१६ मीटर उरत. आजच्या मोठ्या एसयूव्ही १.९ मीटरच्या पुढे गेल्या आहेत. त्याच चार रांगांत आता उरतात जेमतेम सत्तर सेंटिमीटर, आरसे न धरता. साध्या शंभर सीसीच्या बाईकचे हँडल त्याहून कणभर रुंदच असते. सगळीच वाहने एवढी मोठी नसतात म्हणून अजून निघते. पण आरसा लागला, दार घासले, काच खाली करून शिवी आली, यांत जी वाढ झालेली दिसते तिच्यामागे हे सेंटिमीटर आहेत. पूर्वी तर बऱ्याच गाड्यांना डावा आरसा नसेच. आता असतो, आणि बाईक लागू नये म्हणून टॅक्सीवाले गर्दीत तो मिटून ठेवतात.

मागचा इतिहास थोडक्यात. ऐंशीच्या दशकापर्यंत स्कूटर ही नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहायची वस्तू होती. १९८४-८५ मध्ये जपानी तंत्राच्या शंभर सीसी मोटरसायकली आणि गिअर नसलेली स्कूटर आली, आणि लोकलच्या गर्दीला कंटाळलेल्या नोकरदाराला परवडणारी सुटका मिळाली. उपनगरात रिक्षांनी आधीच रांगेतली प्रत्येक मोकळी जागा भरण्याची सवय लावली होती. माहीम आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षाला बंदी, त्यामुळे तिथे ती जागा बाईकला मिळाली.

खरा फरक पडला तो या शतकात, आणि तो बंदीच्या फलकांनी पडला. मोहम्मद अली रोडवरचा अडीच किलोमीटरचा जेजे पूल २००२ मध्ये खुला झाला. वळणांवरच्या अपघातांनंतर २०१० मध्ये तो दुचाकींना बंद झाला. वांद्रे-वरळी सागरी सेतू ३० जून २००९ रोजी सुरू झाला तो दुचाकीविनाच. जानेवारी २०२४ मध्ये २१.८ किलोमीटरचा अटल सेतू आला, मार्चमध्ये किनारी रस्त्याचा पहिला टप्पा. दोन्हीकडे दुचाकीला मज्जाव. किनारी रस्ता तर पालिकेच्या पैशातून झाला आणि त्यावर टोल नाही, तरी शहरातल्या निम्म्याहून जास्त वाहनांना तो बंद आहे. वेगाचा रस्ता, समुद्राचा वारा, बोगदा, ही कारणे खोटी नाहीत. उंच पुलावर जोराच्या वाऱ्यात हलकी दुचाकी आडवी ढकलली जाते, आणि जेजे पुलावर माणसे खरोखर गेली आहेत. पण प्रत्येक वेळी मोटारींना नवी वाट मिळाली आणि बाईक जुन्याच रस्त्यावर राहिली: माहीम कॉजवे, पेडर रोड, पुलाखालचा मोहम्मद अली रोड. तिथे दुतर्फा पार्किंग, हातगाड्या, बसथांबे. पुलाला बंदी घालताना पुलाखाली दुचाकीला एखादी पट्टी आखून द्यावी, हे कुठल्याच वेळी झाले नाही.

त्यात २०१६ पासून मेट्रोच्या कामाभोवतीचे पत्रे उभे राहिले. पश्चिम द्रुतगती महामार्गावर आणि लिंक रोडवर मधली जागा गेली, उरलेल्या लेन आक्रसल्या. त्या दोन मार्गिकांवर गाड्या धावू लागल्या एप्रिल २०२२ मध्ये. तोवर पाच-सहा पावसाळे गेले होते. काँक्रीटच्या पट्ट्यांमधला लांबट सांधा, डांबर आणि पेव्हर ब्लॉक जुळतात तिथली उंचसखल कड, पावसात निसरडा होणारा पांढरा रंग, हे सगळे नेमके त्या फटीतच असते. मोटारीचे चाक त्यावरून सहज जाते, बाईकचे त्यात अडकते.

सगळ्या फटी सारख्या नसतात, आणि डाव्या फटीविषयी मला बाईकवाल्यांची बाजू घेता येत नाही. कडेला गाड्या लावलेल्या असल्याने बेस्टची बस थांब्याला टेकूच शकत नाही. ती रस्त्यातच थांबते आणि माणसे उतरतात ती बस आणि पदपथ यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यात. त्याच पट्ट्यातून बाईक येते. बसच्या आडोशामुळे उतरणारी आजी बाईकवाल्याला दिसत नाही, तिला तो दिसत नाही. सिग्नलला पुढे सरकलेल्या बाईक शेवटी झेब्रा क्रॉसिंगवरच उभ्या राहतात आणि चालणारा त्यांच्या चाकांमधून वाट शोधतो. फटीतून येणाऱ्याला पुढे उभे राहायला जागाच आखलेली नाही, हे खरे. पण त्याची किंमत पायी चालणाऱ्याने का मोजावी?

दंडाच्या बाजूने २०१९ च्या दुरुस्तीने बदल केले. वाहन चालवण्याच्या विनियमांच्या उल्लंघनासाठी ५०० ते १,००० रुपये दंडाचे वेगळे कलम आले, आणि नियमाविरुद्ध ओव्हरटेक करणे धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमात बसवले गेले. तिथे कैदेचीही तरतूद आहे. महाराष्ट्रात वाढीव दर लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. मुंबईत ई-चलान २०१६ पासून आहे, पण कॅमेऱ्याला हेल्मेट दिसते, स्टॉप लाइन दिसते, सिग्नल तोडलेला दिसतो. रांगेतून सरकणे आणि रांगेतून पळणे यांतला फरक एका फोटोत पकडता येत नाही.

हा फरक इतरत्र कागदावर उतरला तो गेल्या दहा-बारा वर्षांतच. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने जुलै २०१४ पासून ताशी ३० किलोमीटरपर्यंत रांगांमधून जाण्याची मुभा दिली, पक्का परवाना असलेल्यांनाच आणि शाळेचा भाग वगळून. कॅलिफोर्नियात ही गोष्ट कित्येक वर्षे ना मान्य ना अमान्य अशी चालू होती. २०१६ मध्ये तिची व्याख्या कायद्यात आली. आधीच्या मसुद्यात वेगाची मर्यादा होती. त्यावरून वाद झाला आणि ती गळली. तिथल्या एका विद्यापीठाच्या अभ्यासात अपघातात सापडलेल्या ५,९६९ मोटरसायकलस्वारांपैकी ९९७ जण त्या क्षणी रांगांमधून जात होते, आणि धोका वाढतो तो मुख्यतः शेजारच्या गाडीपेक्षा आपला वेग किती जास्त आहे त्यावर, असे त्यात आढळले. फ्रान्सने २०१६ पासून काही भागांत प्रयोग करून जानेवारी २०२५ मध्ये ताशी ५० किलोमीटरच्या मर्यादेत परवानगी दिली. यांतले कुठलेच मुंबईला जसेच्या तसे लागणार नाही. तिथे चार रांगांची तीन लेनवाली सवय नाही, आणि दुचाकी तिथे मूठभर आहेत.

इथे फटीतली गर्दी आता रोजगाराची आहे. घरपोच जेवण आणि दहा-पंधरा मिनिटांत किराणा पोचवणाऱ्या मुलांचा वेळ त्या फटीतच वाचतो किंवा जातो. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ई-बाईक टॅक्सीला मंजुरी दिली, १५ किलोमीटरच्या अंतरापर्यंत. आता मागच्या सीटवर भाडे भरून बसलेली व्यक्ती असेल, आणि आरशाला लागतील तिचे गुडघे.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत दुचाकीवरची ४४.५ टक्के. या मृत्यूंची नियमभंगानुसार वर्गवारी होते तिचे रकाने असे आहेत: अतिवेग, मद्यपान, चुकीच्या बाजूने चालवणे, सिग्नल तोडणे, मोबाइल, आणि इतर. दोन गाड्यांच्या मधे हँडल अडकून पडलेल्याची नोंद ‘इतर’मध्ये होते.