डिल जोन्स न्यूयॉर्कला गेले, त्याआधीचं

वेल्समधल्या न्यूकॅसल एम्लिनला १९२३ साली जन्म, न्यू की या किनाऱ्यावरच्या गावात बालपण, युद्धकाळात नौदल, मग लंडनला संगीताचं शिक्षण. जॅझ पियानोवादक डिल जोन्स यांच्या चरित्रातला हा भाग कुठंही सापडतो. त्यांचा 'स्ट्राइड' ढंगाचा डावा हात कसा घडला, आणि १९६१ साली ते न्यूयॉर्कला का गेले (आणि का गेले नाहीत), हे मात्र १९३५ सालच्या एका सरकारी निर्णयापर्यंत मागं गेल्याशिवाय कळत नाही.

आधी तो डावा हात. स्ट्राइडमध्ये पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्याला खर्जातला स्वर, दुसऱ्या-चौथ्याला पियानोच्या मध्यावरची स्वरसंगती. म्हणजे दर ठोक्याला हाताची दीड-दोन सप्तकांची उडी, तीही पट्ट्यांकडं न बघता. मिनिटाला दोनशे ठोक्यांची लय धरली, तर एका उडीला जेमतेम ०.३ सेकंद मिळतो. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतले वादक खर्जात नुसता स्वर न लावता 'टेंथ' लावत: सा आणि वरच्या सप्तकातला ग एकदम. सप्तकाचा ताण साडेसोळा सेंटीमीटर, टेंथचा सुमारे एकवीस. हात पुरत नसेल तर दोन स्वर पाठोपाठ वाजवावे लागतात. त्यात खालचा स्वर ठोक्याच्या किंचित आधी पडला पाहिजे. तो ठोक्यावर पडला की वरचा उशिरा येतो आणि लय रेंगाळते. नवख्यांची दुसरी खोड म्हणजे पेडल दाबून ठेवणं. उडी झाकली जाते खरी, पण खर्ज आणि संगती यांचा चिखल होतो.

हे शिकायचं कशावरून? तीन मिनिटांच्या तबकडीवर खर्ज मुळात क्षीण. टेंथ एकदम वाजली की फोडून, हे ऐकून ठरवणं कठीण. हात बघावा लागतो. आणि बघायची वाटच लंडननं बंद केली होती.

१९३५ साली ब्रिटनच्या मजूर खात्यानं अमेरिकन वाद्यवृंदांना परवाने देणं थांबवलं. मागणी ब्रिटिश वादकांच्या संघटनेची होती: आमच्या तितक्याच वादकांना अमेरिकेत काम द्या, मग तुमचे येऊ देत. अमेरिकेतली संघटना बधली नाही. याला सर्रास 'बंदी' म्हणतात, पण शब्द फसवा आहे. कायद्यानं घातलेली बंदी अशी ती नव्हतीच. परवाने अडवून ठेवले, एवढंच. शिवाय 'व्हरायटी'चा, म्हणजे मिश्र करमणुकीच्या कार्यक्रमांचा, कलाकार म्हणून एकट्यानं येऊन ब्रिटिश वादकांसोबत वाजवायला फट होती. १९४९ मध्ये एका नामांकित अमेरिकन क्लॅरिनेटवादकानं ती वापरली. त्याच वर्षी एका बुजुर्ग सोप्रानो सॅक्सोफोनवादकाला प्रेक्षागृहातून रंगमंचावर बोलावल्याचं नाटक आयोजकांनी केलं. खटला झाला, दंड बसला. पोट भरण्याचा हक्क राखायला हवा होता, हे मान्य. पण त्याची किंमत शिकणाऱ्या पिढीनं मोजली, आणि संघटनेच्या बाजूनं लिहिणारे हा मुद्दा हटकून गाळतात.

वादकांनी वाट काढली ती समुद्रातून. अटलांटिकच्या प्रवासी बोटींवर वाद्यवृंद ब्रिटिश असत. साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क सुमारे पाच दिवस नाचाची गाणी वाजवायची आणि बोट बंदरात असेल तेवढ्या रात्री तिथल्या बावन्नाव्या रस्त्यावरचे जॅझ क्लब गाठायचे. जोन्स 'क्वीन मेरी'वर वाजवत ते याच काळात.

१९५६ पासून वाद्यवृंदांची अदलाबदल सुरू झाली आणि कोंडी फुटली. त्यामुळं 'बंदीला कंटाळून जोन्स गेले' हे तारखांशी जुळत नाही. तोवर ते लंडनमध्ये स्थिरावले होते, रेडिओवर जॅझचा कार्यक्रमही सादर करत. मला कारण वेगळं दिसतं. १९६० च्या सुमारास तिथं एकीकडं बँजो-क्लॅरिनेटच्या 'ट्रॅड'ची, म्हणजे जुन्या धाटणीच्या पारंपरिक जॅझची, लाट होती, दुसरीकडं आधुनिकांचे क्लब. मधल्या, स्विंग काळाशी (१९३०-४० च्या दशकांतल्या नाचाच्या जॅझशी) नातं सांगणाऱ्या पियानिस्टला 'मेनस्ट्रीम' हे नाव होतं, पण काम तुटपुंजं.

न्यूयॉर्कमधली त्यांची ठळक कामगिरी म्हणजे १९६९ मध्ये जमलेला जेपीजे क्वार्टेट. चौघांपैकी तिघांची आडनावं 'जे'नं सुरू होणारी, नावात 'जे' दोनच. हिशेब आपापला लावावा. इथं जोन्सना डावा हात आवरावा लागे. डबल बास शेजारी असताना पुरा स्ट्राइड वाजवला की खर्जात दोन स्वर एकमेकांना खेटतात, बेसूर वाटतात. पुरा हात ऐकायचा तर एकल पियानोवरचं १९७२ चं ध्वनिमुद्रण काढावं. त्यात १९२० च्या दशकातला अमेरिकन कॉर्नेटवादक बिक्स बायडरबेक याच्या पियानो-रचनांसोबत जोन्स यांच्या स्वतःच्याही आहेत, आणि त्यांतल्या एकीच्या नावात कार्डिफची गोदीवस्ती आहे, टायगर बे.