बर्फ मोजायला कुणी सुरुवात केली, आणि नदीचा हिशोब कुठे चुकला

अमेरिकेच्या पश्चिम भागात यंदा डोंगरावर बर्फ कमी, कोलोरॅडो नदी आटली, धरणं तळाला गेली अशा बातम्या अधूनमधून येत असतात आणि आपण क्लायमेट चेंज म्हणून पुढे स्क्रोल करतो. पण हे प्रकरण शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे आणि त्यात हवामानाइतकाच वाटा कागदावरच्या हिशोबाचाही आहे.

आधी हे लक्षात घ्या की तिकडे उन्हाळ्यात पाऊस फारसा नसतो. हिवाळ्यात डोंगरावर बर्फ साठतो, एप्रिलपासून हळूहळू वितळतो आणि नेमकं शेतीला पाणी लागतं तेव्हा नदीत उतरतो. म्हणजे सगळ्यात मोठं धरण डोंगरावरच, तेही फुकटात. फक्त त्यात पाणी किती आहे ते कळायची सोय नव्हती.

ती सोय केली एका लॅटिनच्या प्रोफेसरने! नेवाडा युनिव्हर्सिटीत शिकवणाऱ्या जेम्स चर्च यांना हिवाळ्यात डोंगर चढायचा नाद होता. त्याच काळात लेक ताहोच्या पाण्यावरून भांडणं चालू होती, काठावर घरं असणाऱ्यांना तळं फार भरायला नको आणि खालच्या वीज-शेतीवाल्यांना पाणी जास्त हवं, त्यामुळे वसंतात किती पाणी येणार हे आधी सांगणारा कुणीतरी हवा होता. चर्चनी 1900 नंतरच्या पहिल्या दशकात माउंट रोझवर एक साधी युक्ती काढली. खालच्या टोकाला दाते असलेली पोकळ नळी बर्फात जमिनीपर्यंत फिरवत घुसवायची, आतल्या बर्फासकट वर काढायची आणि वजन करायचं. कारण बर्फाची उंची फसवते, ताजा भुसभुशीत बर्फ फूटभर असला तरी त्यात पाणी जेमतेम इंचभर निघतं आणि वसंतातल्या दबलेल्या बर्फात त्याच्या चार-पाच पट. पुढे 1 एप्रिलचं माप हेच वर्षाचं मुख्य माप ठरलं, आणि 1970 च्या दशकाच्या शेवटी स्नोटेल नावाची ऑटोमॅटिक स्टेशनं आली. ती डेटा पाठवायला सुरुवातीला आकाशात जळणाऱ्या उल्कांच्या रेषांवरून रेडिओ सिग्नल परावर्तित करायची, खरंच.

आता हिशोबाकडे. 1922 मध्ये सात राज्यांनी कोलोरॅडोचं पाणी वाटून घेतलं, वरच्या खोऱ्याला वर्षाला 75 लाख एकर-फूट आणि खालच्या खोऱ्याला तेवढंच (एका एकरावर फूटभर उभं पाणी म्हणजे एक एकर-फूट). 1944 च्या करारात मेक्सिकोचे 15 लाख धरले की झाले 1 कोटी 65 लाख. इथेच घोडं पेंड खातं! हाताशी आकडे थोड्याच वर्षांचे होते आणि ती वर्षं नेमकी भरपूर पाण्याची निघाली. 1976 मध्ये स्टॉकटन आणि जेकोबी या शास्त्रज्ञांनी जुन्या झाडांच्या खोडातल्या वर्तुळांवरून शतकांचा प्रवाह काढला तर सरासरी आली 1 कोटी 35 लाखांच्या आसपास. तोपर्यंत हूवर आणि ग्लेन कॅन्यन ही दोन्ही धरणं बांधून झालेली, पाण्यावर शहरं वसलेली. पाणी पुरणार नाही असं सांगणारे 1920 च्या दशकातही होते, सरकारी जलतज्ज्ञ ई. सी. लारू त्यातलेच, पण ते ऐकायच्या मूडमध्ये कुणी नव्हतं.

म्हणजे तूट आधीपासूनच होती, तापमानवाढ नंतर त्यावर येऊन बसली. 2018 च्या एका अभ्यासात जास्त काळ नोंदी असलेल्या 90 टक्क्यांहून जास्त ठिकाणी बर्फ घटल्याचं दिसलं, 1 एप्रिलचा साठा गेल्या शतकाच्या मध्यापासून 15 ते 30 टक्के कमी. एवढं पाणी म्हणजे जवळजवळ अख्खं लेक मीड, त्या भागातलं सगळ्यात मोठं धरणाचं तळं. काही डोंगरांत बर्फाऐवजी पाऊस पडतो, वितळणं आधी सुरू होतं आणि बऱ्याच नद्यांचा वसंतातला मोठा लोंढा एक ते चार आठवडे लवकर येऊन जातो. पांढरा बर्फ गेला की उघडी जमीन ऊन जास्त शोषते, बाष्पीभवन वाढतं. 2020 मध्ये मिली आणि डन या शास्त्रज्ञांनी मांडलेलं गणित असं की तापमान एक अंश सेल्सियस वाढलं की कोलोरॅडोचा प्रवाह सुमारे 9 टक्के घटतो.

2015 मध्ये 1 एप्रिलला कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राऊन मापाच्या जागी पोचले तर पायाखाली गवत, राज्यभरचा साठा सरासरीच्या 5 टक्के. पण मला 2021 जास्त गंभीर वाटतं. कोलोरॅडोच्या वरच्या खोऱ्यात बर्फ सरासरीच्या थोडाच खाली होता, तरी एप्रिल ते जुलैमध्ये लेक पॉवेलला (ग्लेन कॅन्यन धरणाचं तळं) आलेलं पाणी नेहमीच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी, कारण कोरडी पडलेली जमीन आणि तापलेली हवा मधल्यामध्ये पिऊन गेली. त्याच ऑगस्टमध्ये नदीवर पहिल्यांदा अधिकृत पाणीकपात जाहीर झाली. 2023 ला कॅलिफोर्नियात परत सरासरीच्या दुपटीहून जास्त बर्फ, लोक लगेच म्हणाले बघा झालं ठीक, पण एका वर्षावरून काही ठरत नाही.

आणि ही 'सरासरी' पण सरकती असते बरं का. 2021 च्या शेवटी सरकारी तुलनेचा काळ बदलून 1991 ते 2020 केला, म्हणजे बरीच कोरडी वर्षं त्यातच आली आणि काही खोऱ्यांत आजचे 100 टक्के हे आधीच्या 100 टक्क्यांपेक्षा कमी पाणी आहे.