शिळाप्रेसवरची पोथी कशी छापली जायची

विदर्भातल्या जुन्या घरांत माळ्यावरची पोथी उघडली, तर कधीकधी अक्षर हाताने लिहिल्यासारखं दिसतं. ओळ किंचित वरखाली, प्रत्येक वेलांटी निराळी. तरी ती छापलेलीच असते, शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून छापणाऱ्या यंत्रावर.

हे तंत्र आलोइस सेनेफेल्डरने 1796 ते 1798 च्या सुमारास बव्हेरियात बसवलं. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये शिळाछापावर पंचांग काढलं. देवनागरीला जोडाक्षरं आणि मात्रांसकट शेकडो खिळे, म्हणजे छपाईचे सुटे ठसे, लागत. शिळाछापाला चांगल्या हाताचा एक लेखक पुरे. मोडीचीही सोय झाली. लेखक तेलकट शाईने लेप दिलेल्या कागदावर सरळच लिही. कागद दगडावर दाबला की अक्षर उलटं उतरे आणि छापताना पुन्हा सुलटं येई.

दगड बव्हेरियातल्याच झोलनहोफेनची बारीक कणांची चुनखडी. तेल आणि पाणी दोन्ही धरणारा दगड लागतो, म्हणून आपला काळा पाषाण बाद. वणी-कोरपना पट्ट्यात चुनखडी भरपूर, पण सिमेंटला चालते ती छपाईला चालेलच असं नाही. एखादी शीर किंवा डाग असला की तो प्रत्येक प्रतीवर उठतो.

आधी दगड कुरुंदाच्या भुकटीने, जाडीकडून बारकीकडे जात, पाणी घालून घासायचा. मधोमध खळगा पडला तर छाप तिथे फिका येतो. चित्र किंवा मजकूर चढला की राळ आणि शंखजिऱ्याची पूड लावायची, मग डिंकाचं पाणी. त्यात नायट्रिक ॲसिडचे थेंब: औंसाला साधारण 5 ते 15, नाजूक रेषेला कमी. जास्त झाले तर बारीक रेषा जळतात, कमी पडले तर अक्षरांची पोटं शाईने भरतात. इथेच बहुतेक दगड बिघडतात. पुढे टर्पेंटाइनने मूळ शाई पुसतात. दगड कोरा दिसतो, पण चरबी आत मुरलेली असते: ती शाई धरते, कोरी ओली जागा धरत नाही. ओला स्पंज, शाईचा रोलर, कागद, दाब. दर प्रतीला हेच.

वैशाखातल्या 45 अंशांत ओल क्षणात उडते आणि कोऱ्या जागेवरही शाई चढते. शिवाय शाई पातळ होते. मॅग्नेशियम कार्बोनेट मिसळून ती घट्ट करतात. अशा दिवसांत छपाई भल्या पहाटे केलेली बरी.

रंगीत देवादिकांच्या तसबिरींना रंगागणिक वेगळा दगड. राजा रविवर्मांचा छापखाना 1894 मध्ये गिरगावात निघाला, पुढे मळवलीला गेला. मूळ दगड सहसा मिळत नाहीत, कारण काम संपलं की तेच घासून पुढच्या कामाला घेत.

घरची तसबीर भिंगाखाली धरा. ठिपके ओळीत, ठरावीक अंतरावर असतील तर ती ऑफसेटची. वेडेवाकडे, लहानमोठे, कडेला एखादा रंग सरकलेला असेल तर दगडाची असण्याची शक्यता जास्त.