दाट द्रव म्हणजे जास्त घनता नव्हे

ओतताना जो द्रव संथ वाहतो त्याची घनता जास्त, हा समज चुकीचा असूनही वर्षानुवर्षे टिकून आहे. 'दाट' आणि 'घन' हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो, हे त्याचे एक कारण असावे. एरंडेल संथ ओघळते, तरी सुमारे 0.96 ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर घनतेमुळे ते पाण्यावर तरंगते. उलट, चटकन वाहणारा क्लोरोफॉर्म 20 अंश सेल्सिअसला 1.49 भरतो आणि पाण्याखाली जाऊन बसतो. संथपणा ही श्यानता, म्हणजे वाहण्याला द्रवाचा होणारा अंतर्गत विरोध; घनता म्हणजे ठरावीक आकारमानात मावणारे वस्तुमान. घनता मोजण्यासाठी ठरावीक आकारमानाची, छिद्र असलेल्या बुचाची खास बाटली आधी रिकामी, मग भरून तोलतात आणि वजनांतील फरकाला तिच्या आकारमानाने भागतात. बुचाच्या बारीक छिद्रातून वर आलेला थेंब टिपला नसेल किंवा तापमान नोंदवले नसेल, तर माझ्या मते तो आकडा वहीत लिहूच नये.